खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची रांगोळी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहान मशीनशॉपमध्ये खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी पत्र्याच्या ड्रममधल्या चिप्स, म्हणजे मशीनवर धातू कापताना निघणारे तुकडे, पेटल्या. शॉप आठ-दहा माणसांचं. नाव सांगायची गरज नाही. एरवी तिथे बिडाचंच, म्हणजे ओतीव लोखंडाचंच, काम चालतं. बेळगाव हे फाउंड्र्यांचं गाव, त्यामुळे उद्यमबाग, मच्छे, होनगा यांपैकी कुठल्याही वसाहतीत शिरलात तरी बिडाचा काळा चुरा पायाखाली येतोच. या वेळी मात्र बाहेरून एक वेगळी ऑर्डर आली होती. गिअरबॉक्सची झाकणं, एझेड ९१ नावाच्या मिश्रधातूची. त्यात नव्वद टक्के मॅग्नेशियम, नऊ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम आणि जेमतेम एक टक्का जस्त असतं.

सण तोंडावर, काम उरकायची घाई आणि टूलची धार गेलेली. धार गेलेलं टूल कापत नाही, घासतं. घासलं की चीप बारीक निघते आणि तापूनच निघते. त्यातलीच एक ठिणगी ड्रममध्ये गेली असणार. आत अंदाजे चार किलो चिप्स होत्या. काम कोरडं चाललं होतं, कापताना गार ठेवणारं कूलंट नव्हतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

दुसऱ्या दिवशी मशिनांची पूजा म्हणून रविवार पेठेतून पाच किलो पांढरी रांगोळी आणून दाराशी ठेवलेली होती. लेथवरच्या पोरानं पिशवी फोडली आणि निम्मी रांगोळी ड्रममध्ये ओतली. त्यात त्याचं काही चुकलं असं त्याला अजूनही वाटत नाही, आणि त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर मलाही वाटत नाही. बिडाच्या तेलकट चुऱ्यानं पेट घेतला की रांगोळी, वाळू, हाताला येईल ते टाकायचं, हे त्यानं आधी दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा आग मुकाट विझली होती.

या वेळी उजेड क्षणभर मंदावला. मग पांढराशुभ्र लोळ छताच्या पत्र्याकडे गेला आणि पेटलेल्या चिप्स फुटाण्यासारख्या बाहेर उडाल्या. पोराच्या भुवया जळल्या, हातावर दोन फोड आले, डोळ्यांपुढे बराच वेळ हिरवे ठिपके नाचत राहिले. कुणीतरी पाण्याची बादली उचलली होती. तेवढ्यात शेजारच्या शेडमधून एक मामा धावत आले. उभं आयुष्य मोल्डिंगच्या वाळूत काढलेला माणूस. त्यांनी बादली हिसकावून बाहेर ओतली आणि आपल्या शेडमधून काळी पावडर आणायला सांगितली. तिथे दोन काळी पोती शेजारी शेजारी होती, एक ग्रॅफाइटचं आणि एक कोल डस्टचं. पोरानं हाताला लागलं ते उचललं, तर मामांनी हातावर फटका दिला. "ते कोळशाचं हाय. हे घे."

लांब दांड्याच्या फावड्यानं ग्रॅफाइट हळूहळू, न उसळवता पसरलं गेलं. उजेड झाकला गेला. ड्रमला रात्रभर कुणी हात लावला नाही. सकाळी पाहिलं तर त्याचा तळ जळून पार गेला होता.

मालक माझा जुना विद्यार्थी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात. पूजा आटोपून त्यानं फोन केला. प्रश्न एकच होता आणि नेमका होता. "सर, रांगोळी म्हणजे दगडाची पूड की. दगड कसा पेटंल?"

मी पोचलो तोवर शॉपवर तीन उत्तरं तयार होती. एकाचं म्हणणं, रांगोळी कमी पडली, सगळी पिशवी ओतली असती तर आग गुदमरली असती. दुसऱ्याचं, रांगोळीत ओल होती. तिसरं उत्तर मालकाचंच होतं आणि ते सगळ्यांत हुशार होतं, कारण ते पुस्तकातून आलेलं. रांगोळी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तापलं की ते फुटतं, कळीचा चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. फुटताना ते उष्णता खातं, आणि निघणारा वायू आग विझवणारा. म्हणजे दोन्हीकडून फायदाच व्हायला हवा होता. मग तो का झाला नाही?

आधी एक शंका फेडून घेतली. रांगोळी हे काही रसायनाचं नाव नव्हे. पांढरी पूड कॅल्साइटची असते, डोलोमाइटची असते, गारेची म्हणजे गारगोटीचीही असते. यादवाड-लोकापूरकडे चुनखडक आणि डोलोमाइट दोन्ही निघतात. पिशवीत कुठला दगड आहे हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. उरलेल्या रांगोळीवर लिंबू पिळलं. लगेच फसफसलं. गार गप्प बसली असती, डोलोमाइट थंड लिंबाला जरा आढेवेढे घेत फसफसलं असतं. तेव्हा ही बहुतांश कॅल्साइटच, कार्बोनेटच.

मग ड्रममधली राख. ग्रॅफाइटचा थर वरून काढून टाकला, तरी वरच्या राखेत काळं मिसळलेलं असणार हे उघड होतं, म्हणून तिला पुरावा धरलंच नाही. पहिल्या लोळाबरोबर बाहेर उडून भिंतीकडे पडलेले ढेकूळ घेतले. ते ग्रॅफाइट येण्याआधीचे. बाहेरून पांढरे, फोडल्यावर आत करडे, आणि त्यात काळे कण. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्यावर पांढरं सगळं विरघळलं, थोडं फसफसलंही, कारण न जळलेली रांगोळी होतीच, आणि काळं तसंच तरंगत राहिलं. तो कार्बन.

हा कार्बन तेलाचा असू शकतो, ही शंका मला स्वतःलाच आली. काम कोरडं होतं हे खरं, पण ड्रममध्ये तेलकट चिंधी नव्हती असं शपथेवर कोण सांगणार? म्हणून ड्रमच्या तळाजवळची, जिथे रांगोळीही पोचली नव्हती आणि ग्रॅफाइटही नाही, अशी राख घेतली. ती आम्लात जवळजवळ स्वच्छ विरघळली, काळं काही उरलं नाही. उलट तिच्यावर पाण्याचा थेंब टाकताच अमोनियाचा वास आला. म्हणजे तळाशी ऑक्सिजन संपल्यावर मॅग्नेशियमनं हवेतला नायट्रोजनसुद्धा सोडला नव्हता. त्याचं नायट्राइड झालं होतं, आणि नायट्राइडला पाणी लागलं की अमोनिया सुटतो. काळे कण फक्त तिथेच होते जिथे रांगोळी होती. कार्बन दगडातला होता.

दगडातून कार्बन काढणं नवीन नाही. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १७९१ साली संगमरवर आणि फॉस्फरस एकत्र तापवून काळी पूड मिळवली होती. कार्बन डायऑक्साइडमध्ये कोळसाच असतो याचा तो पुरावा. संगमरवर म्हणजे तेच कॅल्शियम कार्बोनेट, रांगोळीचा श्रीमंत भाऊ. टेनंटनं फॉस्फरस वापरला, आमच्या पोरानं मॅग्नेशियम.

झालेली अभिक्रिया अशी (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या): दोन मोल मॅग्नेशियम आणि एक मोल कॅल्शियम कार्बोनेट यांपासून दोन मोल मॅग्नेशियम ऑक्साइड, एक मोल कॅल्शियम ऑक्साइड आणि एक मोल कार्बन. मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन देतं, त्याचं ऑक्सिडीकरण होतं. कार्बोनेटमधल्या कार्बनचा ऑक्सिडीकरण अंक अधिक चारवरून शून्यावर येतो, त्याचं क्षपण होतं. कॅल्शियम सगळा वेळ बाजूला उभं असतं, त्याच्या अंकात काही फरक पडत नाही.

आता मालकाच्या हुशार उत्तराचा हिशेब. एक मोल कार्बोनेट फुटायला १७८ किलोज्यूल उष्णता लागते, इथपर्यंत त्याचं बरोबर. पण निघालेला कार्बन डायऑक्साइड मॅग्नेशियमच्या हाती लागला की त्याच एका मोलमागे ८१० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १७८ घेऊन ८१० परत. निव्वळ ६३० किलोज्यूल आगीच्या पदरात. कार्बन डायऑक्साइड आग विझवतो हे लाकडाच्या, कापडाच्या, तेलाच्या आगीबद्दल खरं आहे, कारण त्यातला ऑक्सिजन हिसकावून घ्यायची या पदार्थांची ऐपत नाही. मॅग्नेशियमची आहे.

ऐपत हा शब्द मी वर्गातही वापरतो. मुक्त ऊर्जेचे आकडे अभिक्रिया आपणहून पुढे जाऊ शकते का ते सांगतात (बदल उणे आला तर जाऊ शकते), आणि ते उधारीच्या वहीसारखे वाचता येतात. कॅल्शियम कार्बोनेट आपले दोन ऑक्सिजन सोडायला, म्हणजे मागे कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन ठेवून बाजूला व्हायला, ५२६ किलोज्यूल मागतं. कार्बोनेटची निर्मितीची मुक्त ऊर्जा उणे ११२९.१, कॅल्शियम ऑक्साइडची उणे ६०३.३, त्यांतला हा फरक, २५ अंश सेल्सिअसला. ही झाली किंमत. दोन ऑक्सिजन घेताना प्रत्येक धातू किती मोजू शकतो ते आता पाहायचं. मॅग्नेशियम ११३९ मोजतं. ॲल्युमिनियम १०५५. जस्त ६४१. लोखंड, त्याचं हेमॅटाइट हे ऑक्साइड धरलं तर ४९५ आणि मॅग्नेटाइट हे ऑक्साइड धरलं तर ५०८. तांबं २५९.

लोखंड अठरा ते एकतीस किलोज्यूलनं कमी पडतं. पोराच्या आधीच्या दोन अनुभवांचं सगळं गुपित या कमतरतेत आहे. बिडाच्या चुऱ्यात मुळात तेल जळत होतं. रांगोळीनं तेल आणि हवेत पडदा घातला, आणि खाली जो धातू होता त्याला रांगोळीकडून काही विकत घेता येईना. मॅग्नेशियमला किंमत चुकवून वर ६१३ किलोज्यूल उरतात.

(लोखंडाबद्दल एक प्रामाणिक पुरवणी. हा आकडा खोलीच्या तापमानाचा. लालबुंद लोखंडाला कार्बन डायऑक्साइड खरोखर थोडा गंजवतो, फाउंड्रीवाल्यांना हे माहीत असतं. मात्र त्यात लोह ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होताना उष्णता बाहेर पडत नाही, उलट थोडी खर्चच होते. आगीला त्यातून काही मिळत नाही.)

मग मालकानं विचारलं, मॅग्नेशियमसाठीही २५ अंशांचा आकडा कशाला वापरायचा, ड्रममध्ये तर हजाराच्या वर होतं. प्रश्न अगदी रास्त. मुक्त ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णतेच्या बदलातून तापमान गुणिले एन्ट्रॉपीचा, म्हणजे कणांच्या विस्कळीतपणाचा, बदल वजा. इथे उष्णतेचा बदल उणे ६३०.५ किलोज्यूल आणि एन्ट्रॉपीचा उणे ५९ ज्यूल प्रति केल्विन. एन्ट्रॉपी घटते, म्हणजे तापमान वाढलं की अभिक्रियेचा ओढा थोडा कमी होतो. पण किती? १२०० केल्विनला साधारण ७१ किलोज्यूल वजा पडतात आणि तरी उणे ५५९ उरतात. मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळतं आणि १०९० च्या आसपास उकळतं. वाफ धरली की एन्ट्रॉपीची घट मोठी होते, पण वाफेनं आधीच घेतलेली उष्णताही अभिक्रियेत परत मिळते, त्यामुळे चिन्ह उणेच राहतं. खऱ्या अर्थानं उलटं व्हायला बरंच वर जावं लागतं. १८५० अंशांच्या पुढे कार्बनच मॅग्नेशियम ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढायला लागतो. एलिंगहॅम या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं १९४४ साली धातूंच्या ऑक्साइडांची मुक्त ऊर्जा तापमानासोबत कशी बदलते याचे जे आलेख काढले त्यांत कार्बनची आणि मॅग्नेशियमची रेषा तिथे एकमेकींना छेदतात. फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसानं तो आलेख एकदा तरी डोळ्यांखालून घालावा, असं माझं मत आहे. दहा प्रकरणांचं काम तो एका पानात करतो.

इथवर सगळं जुळतं, आणि इथेच मी वर्गात मुलांना थांबवतो, कारण आकडे जुळले की माणूस फुशारतो. उणे ६१३ हा आकडा त्या संध्याकाळीच उणे झाला नव्हता. दाराशी रांगोळी आणि मशीनवर मॅग्नेशियम, दोन्ही आठवडाभर शेजारी नांदले असते तरी काही झालं नसतं. ऊष्मागतिकी कुठे जायचं ते सांगते, कधी निघायचं ते सांगत नाही. ॲल्युमिनियमच्याही खात्यात ५२९ शिल्लक दिसतात, तरी ॲल्युमिनियमच्या चिप्स अशा पेटत नाहीत, कारण त्यांच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा चिवट आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकत होती. एक मोल मॅग्नेशियम हवेत जळलं तर ६०२ किलोज्यूल देतं, कार्बोनेटमध्ये जळलं तर ३१५. निम्म्याच्या आसपास. मग रांगोळी टाकल्यावर आग वाढली कशी? मंदावायला हवी होती, आणि क्षणभर मंदावलीही. उत्तर उष्णतेत नाही, वाटेत आहे. ड्रममध्ये दाटीनं बसलेल्या चिप्सना हवा फक्त वरून मिळत होती. रांगोळी त्यांच्या फटींमध्ये उतरली आणि ऑक्सिजन दाराबाहेरून आणायची गरजच संपली, तो घरात येऊन बसला. शिवाय कार्बोनेट फुटून निघालेल्या वायूनं ढीग आतून उसळवला, चिप्स सुट्या झाल्या आणि वर हवाही भरपूर मिळाली. एका किलो कार्बोनेटला जवळजवळ अर्धा किलो मॅग्नेशियम पुरतं आणि त्यातून सुमारे ६३०० किलोज्यूल सुटतात. तेवढ्यात अठरा-एकोणीस लिटर पाणी उकळीला येईल.

ओलीचं काय? तीही काही वाटा उचलून गेली असेल. तापलेलं मॅग्नेशियम पाण्याचा ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन मोकळा सोडतं. पाण्याची किंमत दोन ऑक्सिजनमागे ४७४, म्हणजे रांगोळीहूनही स्वस्त. मामांनी बादली हिसकावली नसती तर हे प्रकरण लिहायला मी वेगळ्या कारणानं गेलो असतो. पण काळे कण ओलीनं येत नाहीत. पहिलं उत्तर, रांगोळी कमी पडली, हे मात्र पूर्ण चुकीचं. सगळी पिशवी ओतली असती तर गिऱ्हाइकाला आणखी माल मिळाला असता.

भिंतीवरच्या लाल सिलिंडरकडे कुणी गेलं नाही, हे एका अर्थी बरंच झालं. कोरड्या पावडरच्या काही साध्या अग्निशामकांत सोडियम बायकार्बोनेट असतं. ते तापलं की पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि धुण्याचा सोडा. तिन्ही मॅग्नेशियमच्या ताटातले. धुण्याच्या सोड्याशी तर प्रकरण आणखी पुढे जातं. तीन मोल मॅग्नेशियम एक मोल सोडियम कार्बोनेटमधून कार्बनच नव्हे, सोडियम धातूसुद्धा मोकळा करू शकतं, मुक्त ऊर्जेतला बदल उणे ६६३. सोडियम ८८३ अंशांना उकळतं. आगीत सोडियमची वाफ सोडायची कुणाला हौस आहे? गंमत अशी की सोडियमच्या स्वतःच्या आगीवर कोरडी सोडा ॲश, म्हणजे तोच धुण्याचा सोडा, टाकतात आणि ती चालते. पावडर चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या धातूवर, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

वाळूचं तसंच. सिलिका दोन ऑक्सिजनला ८५६ मागते. रांगोळीपेक्षा पुष्कळ महाग, तरी मॅग्नेशियमला परवडतं, २८२ उरतात. कोरडी वाळू काही वेळा काम भागवते ती भरड असल्यामुळे आणि उष्णता शोषल्यामुळे, निष्क्रिय असल्यामुळे नव्हे. ग्रॅफाइटकडे विकायला ऑक्सिजनच नाही. बिडाचा कोरडा, न गंजलेला चुराही जुन्या काळापासून मॅग्नेशियमच्या आगीवर वापरतात. तो उष्णता ओढून घेतो. पण गंज चढलेला असेल तर तो गंज मॅग्नेशियमला ऑक्सिजन पुरवतो, आणि कूलंटनं भिजलेला असेल तर पाणी पुरवतो. कोल डस्टमध्ये कार्बन असला तरी ती हलकी, उडणारी आणि ज्वलनशील. पेटलेल्या ड्रमवर तिचा ढग उठला असता तर स्फोटच. मामांना यातला एकही आकडा माहीत नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "ग्रॅफाइट आम्ही साच्याला लावतो, दीड हजार डिग्रीचं बीड त्याच्यावर ओततो. त्याला काय होत नाही. मग हे बी सोसंल म्हटलं." याहून चांगला निकष मी तरी देऊ शकलो नसतो.

आणि मीठ. साधं, घरातलं. मॅग्नेशियमनं दोन मोल मिठातून क्लोरीन ओढायचं म्हटलं तर किंमत ७६८ आणि त्याच्या खिशात ५९२. १७६ किलोज्यूलनं सौदा फिसकटतो. धातूंच्या आगीसाठीच्या बऱ्याच खास पावडरी क्लोराइडांच्या असतात त्या यामुळेच. मीठ वितळून चिप्सवर कवच धरतं हा आणखी एक फायदा.

मालकानं दुसऱ्या आठवड्यात झाकणाचा डबा आणला, त्यात वीस किलो बारीक कोरडं मीठ भरलं आणि मॅग्नेशियमच्या मशीनपासून चार पावलांवर ठेवला. शॉपमध्ये गोकाककडची दोन मुलं आहेत, म्हणून डब्यावर मराठीत मीठ आणि कन्नडात उप्पु असं लिहिलं. चिप्सचा ड्रम आता दर दोन तासांनी रिकामा होतो, आणि टूल बदलायचा हिशेब झाकणांच्या संख्येवर ठेवलाय, धार गेल्याचं कळण्यावर नाही. पिशवीवर काय छापलंय ते न पाहता लिंबू पिळून पाहायची सवय मात्र फक्त मलाच लागली.

जुलैत पुन्हा जाणं झालं. बेळगावचा पाऊस, पंधरा दिवस ऊन नाही. मी सहज डबा उघडायला सांगितला. आतल्या मिठाचा एक अखंड दगड झाला होता, आणि ओला. तो आगीवर पडला असता तर मीठ सोडून त्यातलं पाणीच आधी बोललं असतं. मालकानं मग ओल न धरणारी, सहज ओतता येणारी क्लोराइडची पावडर बंद पिंपात मागवली, महाग पडली तरी. मिठाचा दगड मामांनी फोडून घरी नेला आणि परसातल्या नारळाला घातला.